गाव हलवणारा वकील

लायमन व्हिटकोमला आयोवातले लोक हट्टी म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नसे. तो वाढला व्हर्माँटच्या डोंगरात, जिथं नांगराच्या फाळाला मातीपेक्षा दगडच जास्त लागतात. पोरानं शेतात राबावं अशी बापाची इच्छा होती. पोरानं गावातल्या वकिलाकडे झाडलोटीची नोकरी धरली, आणि झाडू भिंतीला टेकवून कायद्याची पुस्तकं वाचून काढली. पुढं न्यायाधीशांनी परीक्षा घेतली तेव्हा तो इतकं बोलला की शेवटी त्यांनीच हात वर केले. "पास, पास! आता घरी जा." पण व्हर्माँटमध्ये वकील उदंड आणि भांडणं थोडी. म्हणून लायमननं पश्चिमेची वाट धरली आणि आयोवात नदीच्या वळणावर केल्सो नावाचं एक नवं गाव वसत होतं, तिथं बिऱ्हाड टाकलं.

केल्सोत भांडणांना तोटा नव्हता. जमिनीच्या हद्दी, चोरीची घोडी, मोडलेली लग्नं. अशील फीऐवजी अक्रोडाची फळकुटं आणि गहू आणून द्यायचे. फळकुटांची लायमननं नदीकाठी पाणचक्की उभी केली आणि गहू तिच्यात दळला. चार-पाच वर्षांत व्हिटकोमचं पीठ आसपासच्या सगळ्या स्वयंपाकघरांत जाऊन पोचलं. मग लोकांनी त्याला राज्याच्या विधानसभेवर पाठवलं. दर दुसऱ्या हिवाळ्यात तो राजधानीला, डे मॉइनला जाई, आणि परत आला की कुणी विचारो न विचारो, तिथं काय काय झालं ते सांगत बसे.

त्याची बायको फिलेना मूळची ओहायोची, केल्सोच्या शाळेत मास्तरीण म्हणून आलेली. उंच, सावकाश चालणारी, मोजकं बोलणारी. लायमनची भाषणं तिच्या एका वाक्याखाली चिरडून जात. त्यांना एकच मूल झालं, ओरा. ती सहा वर्षांची असताना गावात घटसर्प आला. त्या हिवाळ्यात घराघरातून पोरं गेली. ओराही गेली. घरामागच्या टेकाडावर गावाचं स्मशान होतं, तिथल्या ओकच्या झाडाखाली तिला ठेवलं. त्यानंतर दर रविवारी प्रार्थना आटोपली की फिलेना टेकाडावर जाई. लायमन बरोबर असे, आणि तेवढा वेळ तो गप्प असे.

त्यानंतर काही वर्षांनी आगगाडी आली. म्हणजे येणार होती, पण केल्सोला नाही. रेल्वेवाल्यांनी रूळ दक्षिणेकडून नेण्याचं ठरवलं. लायमन तडक शिकागोला गेला आणि कंपनीच्या साहेबासमोर बसला.

साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "व्हिटकोम, तुमच्या गावापाशी नदीचे काठ उंच आहेत. पूल महाग पडतो. दोन कोस दक्षिणेला जमीन ताटासारखी सपाट आहे. इतकं साधं आहे."

"आणि केल्सोचं काय?"

"केल्सोचं काय व्हायचंय? आहे तिथंच राहील की!" साहेब हसला.

लायमनला हसू आलं नाही. आगगाडीनं वगळलेल्या गावांचं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. वरच्या अंगाला वाइल्डर नावाचं गाव होतं. तीन वर्षांत तिथल्या दुकानात घुबडं राहायला आली.

तो परतला त्याच दिवशी शाळेत सगळा गाव जमला. पुढच्या बाकावर हायरम गॉस बसला होता. हा दुकानदार. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मागच्या निवडणुकीत लायमनकडून आपटला होता आणि ते विसरला नव्हता.

"काय वकीलसाहेब, शिकागोहून काय आणलंत? टोपी तर जुनीच दिसतेय."

लोक हसले.

"नकार आणलाय," लायमन म्हणाला. "रूळ येणार नाहीत."

हसू विरलं. मग एकदम गलका झाला. गॉस उठून उभा राहिला. "मग विधानसभेत बसून करता तरी काय तुम्ही? खुर्च्या उबवता?"

"गॉस, बसा खाली. रूळ गावाकडे येत नाहीत ना? ठीक आहे. गाव रुळांकडे जाईल."

"गाव म्हणजे काय कोंबड्यांचं खुराडं आहे, उचललं आणि नेलं?"

मागच्या भिंतीला टेकून टोरकेल हाउगेन उभा होता. हा नॉर्वेचा माणूस, बैलांच्या जोड्या बाळगून होता, आणि ओंडके ओढायचं काम करायचा. सभेत तो कधी तोंड उघडत नसे. आज म्हणाला, "मी धान्याची कोठारं हलवलीत. घर त्याहून हलकं. खाली ओकच्या तुळया घालायच्या, पुढची टोकं होडीसारखी तासायची. बर्फ पडला की सगळं घसरतं. बैल पुष्कळ लागतात. आणि सल्ले देणारी माणसं लागत नाहीत."

"आणि नदी?" गॉस थांबायला तयार नव्हता. "तुमची पाणचक्की आहे नदीवर. नदीलाही दोर बांधणार का?"

सगळे लायमनकडे बघू लागले. गावातला सगळ्यात मोठा धंदा त्याचाच होता.

"चक्की इथंच राहील," लायमन म्हणाला. "आगगाडी आली की गहू थेट मोठ्या शहरात जाणार. माझ्याकडे दळायला कोण येतंय? चक्की गेली म्हणून धरा. पण चक्की गेली म्हणून गावही जाऊ द्यायचं, हे मला पटत नाही."

त्यावर गॉस खाली बसला.

चक्कीसकट होतं नव्हतं ते सगळं गहाण टाकून लायमननं रुळांलगतची जमीन घेतली, आणि ज्याचं घर इथं ज्या कोपऱ्यावर, त्याला तिथं तोच कोपरा, असं जाहीर केलं. शेजार बदलायला नको. पण जमीन घेऊन भागणार नव्हतं. केल्सो हे जिल्ह्याचं मुख्य गाव होतं, जिल्ह्याचं कोर्ट तिथं होतं. ते हलवायचं तर जिल्हाभराची मतं हवीत, आणि हॅनोव्हर नावाचं पूर्वेकडचं गाव केव्हापासून त्या कोर्टावर डोळा ठेवून बसलेलं. तो सगळा शरद ऋतू लायमन शेतोशेत हिंडला. कुणाचा मका सोलू लागला, कुणाची गाय विताना कंदील धरून उभा राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी न चुकता बोलला. एक म्हातारी शेतकरीण त्याला म्हणाली, "बाबा, माझा नवरा तुला मत देईल. पण आता तू जा. माझं दूध नासायला लागलंय तुझ्या बोलण्यानं."

मतदान झालं. कोर्ट नव्या केल्सोला जायचं ठरलं.

मग थंडी पडली. जमीन दगडासारखी झाली, तिच्यावर बर्फाचा थर बसला, आणि हाउगेननं बैल आणले. पहिली हलली ती लायमनची कचेरी. आपण बोललो तर आपलं आधी जावं, असं त्याचं म्हणणं. बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपल्या, हाउगेननं आपल्या भाषेत काहीतरी आरोळी ठोकली, आणि कचेरी एकदा कण्हली आणि चालू लागली. पोरंटोरं, कुत्री, बाया, सगळा गाव मागून निघाला. संध्याकाळच्या आत ती रुळांपाशी जाऊन उभी राहिली. वाटेत फक्त धुराड्याचा पत्रा पडला.

त्यानंतर रीघच लागली. गॉसनं तर दुकान बंद ठेवायला साफ नकार दिला. दुकान माळावरून सरकत होतं आणि हा दारात उभा राहून मागून चालणाऱ्यांना तंबाखू विकत होता.

कोर्टाच्या इमारतीनं मात्र घात केला. दुमजली, जड. निम्म्या वाटेवर एक दलदलीची पट्टी होती. बैल नेमके तिच्यात असताना दक्षिणेचा उबदार वारा सुटला, बर्फ पाघळला, आणि तुळया चिखलात रुतल्या. हाउगेननं बैल सोडले. "आता थंडी येईपर्यंत देवही ओढू शकत नाही हे."

आणि दोनच दिवसांनी न्यायाधीश पेनिमन फिरतीवर कोर्ट भरवायला आले. पांढऱ्या दाढीचा, संधिवाताचा माणूस. घोडागाडीतून उतरून चिखलातल्या त्या कलत्या इमारतीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. हॅनोव्हरचा वकील ब्लिस बरोबर होताच. त्याला ही पर्वणीच होती.

"न्यायमूर्ती महाराज," ब्लिस म्हणाला, "कोर्ट जिल्ह्याच्या मुख्य गावातच भरलं पाहिजे. इथं गाव कुठंय? इथं बेडूक आहेत! या सत्रापुरतं कोर्ट हॅनोव्हरला भरवावं."

एकदा हॅनोव्हरला गेलेलं कोर्ट परत येणार नाही, हे लायमनला पुरतं ठाऊक होतं. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलात होते. तो तसाच पुढं झाला.

"महाराज, मुख्य गाव कुठं असावं ते जिल्ह्यानं मतदानानं ठरवलंय. ते गाव वाटेवर आहे. जुन्या जागेहून निघालंय, नव्या जागी पोचतंय. कोर्ट कोर्टाच्या इमारतीत भरावं एवढं कायदा सांगतो. इमारतीनं स्वस्थ उभं राहावं असं कुठंही लिहिलेलं नाही. माझे मित्र ब्लिस यांनी तसं कलम दाखवावं, मी आत्ता गप्प बसतो."

"तुम्ही गप्प बसणार?" न्यायाधीश म्हणाले. "ब्लिस, दाखवाच कलम. बघण्यासारखं होईल."

ब्लिसजवळ कलम नव्हतं. न्यायाधीशांनी काठी बगलेत मारली, हाउगेननं लावलेल्या शिडीवरून दोन माणसांच्या आधारानं वर चढले आणि खुर्चीवर बसले. "चला, पहिला खटला घ्या. आणि सगळे एका बाजूला गर्दी करू नका, इमारत कलतेय."

त्या दिवशी एका खेचराच्या मालकीचा निकाल माळाच्या मधोमध लागला. आठवड्यानं पुन्हा थंडी पडली आणि कोर्ट पुढं सरकलं.

फेब्रुवारी सरता सरता जुन्या केल्सोत एक पाणचक्की आणि एक घर उरलं. हाउगेन म्हणाला, "वकीलसाहेब, उद्या तुमचं. बर्फ अजून आठवडाभर टिकेल."

लायमन घरी आला. फिलेना मक्याच्या पावाचं पीठ मळत होती.

"उद्या हाउगेन येतोय."

"येऊ दे. कॉफी देईन."

"फिलेना, घर न्यायला येतोय तो."

"घर इथंच राहील."

लायमनला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील, ओसाड जागी राहणं कसं धोक्याचं, दुकान दोन कोसांवर, डॉक्टर दोन कोसांवर. फिलेना मळत राहिली. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "ओराला नेऊ आपण. नव्या स्मशानात चांगली जागा बघून ठेवलीय मी."

तिचे हात थांबले.

"तिला खाली सोडताना मी एकदा उभी राहिले. आता तिला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही."

"बरं. मग कुंपण घालू, दर रविवारी येऊ..."

"आणि आपण नसलो की? माणसं गेली की नांगर येतो, लायमन. वाइल्डरमध्ये थडग्यांवर मका उभा आहे. तूच येऊन सांगितलंस मला."

जिल्हाभर बोलून गाव हलवणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात एक शब्द सापडला नाही. कारण ती म्हणत होती ते खरं होतं. सकाळी हाउगेन बैल घेऊन आला तेव्हा लायमन बाहेर गेला आणि त्याला म्हणाला, "बैल सोड."

"घराचं काय?"

"घर राहतंय. आम्हीही राहतोय."

दुसऱ्या दिवसापासून लायमन दोन कोस चालत कचेरीला जाऊ लागला आणि दोन कोस चालत परत येऊ लागला. पाऊस असो, हिमवादळ असो. चक्की सावकाराकडे गेली आणि बंद पडली. लोकांना करमणूक झाली. गॉस दुकानाच्या पायरीवरून ओरडे, "या, या! आमचा मेंढपाळ आला! सगळी मेंढरं इकडं हाकलली आणि आपण तिकडंच मुक्काम!" लायमन टोपी उचलून पुढं जाई. पण निवडणुकीत हेच अंगाशी आलं. गॉस उभा राहिला आणि एवढंच बोलत फिरला: जो स्वतः गावात राहत नाही, तो गावाचं काय भलं करणार? लायमन पडला.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा फिलेना दारात उभी होती.

"माझ्यामुळे पडलास."

"गॉसमुळे पडलो. त्याला मतं जास्त मिळाली."

"लायमन."

"बरं, थोडा तुझ्यामुळे. पण मी काही मेलो नाही. जेवायला काय आहे?"

घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस होतं. तो दोनदा मागून जेवला.

पुढच्या वसंतात फिलेना म्हणाली तेच झालं. जुन्या केल्सोच्या रिकाम्या जागा एका जमीन-दलालानं घेतल्या होत्या. एका सकाळी त्याचा गडी नांगर घेऊन टेकाडाच्या पायथ्याशी आला. लायमन कचेरीला निघाला होता. तो वळला आणि सरळ बैलांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाजूला व्हा, साहेब. मला वरपर्यंत नांगरायचंय."

"वर माणसं आहेत."

गड्यानं वर पाहिलं. "मला तर झाड दिसतंय."

"झाडाखाली बघ."

गड्यानं पाहिलं, टोपी काढली, आणि मालकाला विचारून येतो म्हणून नांगर फिरवला. मालक आला तो वकील घेऊनच. खटला उभा राहिला आणि लायमन तो हरला. गाव वसवताना घाईघाईत केलेल्या नकाशात स्मशानाची नोंदच कुणी केली नव्हती. कागदावर ते टेकाड म्हणजे नुसती जमीन होती. लायमननं वरच्या कोर्टात अपील केलं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत टेकाडाला फाळ लावायचा नाही असा हुकूम मिळवला. तिथंही जिंकायची आशा नव्हती. पण खटला लांबवायची कला त्याला येत होती. तारखेमागून तारीख घेत त्यानं ते अपील म्हाताऱ्या घोड्यासारखं चालवलं.

"किती वर्षं पुरेल हे?" फिलेनानं विचारलं.

"थोडी. तेवढ्यात कायदा करायला हवा."

"तू तर विधानसभेत नाहीस."

"म्हणून तर उभा राहतोय."

तो उभा राहिला आणि पुन्हा पडला. पुन्हा गॉसकडूनच. तिसऱ्या वेळी तो अर्ज घेऊन निघाला, तेव्हा गॉस दुकानाच्या पायरीवर एकटाच होता.

"व्हिटकोम, बसा जरा. मी यंदा उभा राहत नाही."

लायमननं संशयानं पाहिलं. "पोटाचा त्रास?"

"पोट ठणठणीत आहे. माझी आई आहे त्या टेकाडावर, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ओकच्या उत्तरेला."

"हं. मला आपलं वाटायचं, हा माणूस तिथं राहतोय तोवर कुणाची हिंमत नाही. तुम्ही राजधानीला जाऊन बसलात तर राखण कोण करणार? मग ठरवलं, याला पाडलेलाच बरा."

"म्हणजे तुम्ही मला राखणदार म्हणून ठेवलंत? दोन निवडणुका?"

"बिनपगारी," गॉस म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "पण ते अपील आता फार दिवस चालत नाही म्हणतात. जा तुम्ही. मी बघतो टेकाडाकडे."

लायमन निवडून आला. ओस पडलेल्या गावांची स्मशानं नांगरायची नाहीत, आणि त्यांची राखण ज्या-त्या तालुक्यानं करायची, असा मसुदा त्यानं मांडला. पहिल्या अधिवेशनात तो हसण्यावारी गेला. एक सभासद म्हणाला, "व्हिटकोम, मेलेल्यांना मत नसतं हो!"

"नसतं," लायमन म्हणाला. "पण त्यांच्या लेकरांना आहे. मोजून बघायचं असेल तर पुढच्या वेळी बघा."

पण मतं जमवली फिलेनानं. कधी कुणाच्या दारी न जाणारी बाई, तिनं गाडी जुंपली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली. प्रत्येक जिल्ह्यात एखादं तरी वाइल्डर होतं. ती शेतातल्या बायांजवळ बसे आणि एकच विचारी, "तुमचं कुणी आहे का तिकडं?" बहुतेकींचं असे. बायांना मत नव्हतं, पण ज्यांना होतं त्यांना रोज जेवायला त्यांच्याच चुलीपाशी यावं लागे. दोन वर्षांनी मसुदा पुन्हा आला तेव्हा तो थट्टा करणारा सभासदच तावातावानं बाजूनं बोलला. त्याची बायको वरच्या सज्जात बसली होती.

कायदा झाला. लायमन घरी आला आणि त्यानं छापील प्रत टेबलावर ठेवली. फिलेनानं ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, मास्तरणीसारखी, बोट ठेवून.

"हा कुणी बदलू शकेल?"

"कायदा आहे. बदलता येतो. पण त्याला पुन्हा बहुमत लागेल."

"त्या बायका ऐकणार नाहीत," फिलेना म्हणाली. तिनं कागदाची घडी केली. "हाउगेनला निरोप धाड. थंडी पडली की ये म्हणावं."

लायमननं विचारलं, "नक्की?"

"माझे गुडघे दुखतात. डॉक्टर दोन कोसांवर आहे. तूच म्हणाला होतास."

त्या डिसेंबरात घर निघालं. हाउगेन आता थकला होता, बैल त्याचे मुलगे हाकत होते आणि तो बाजूनं चालत त्यांना शिव्या घालत होता. फिलेना आधी टेकाडावर जाऊन आली. मग घरात चढली, चूल पेटवली आणि सरकत्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायला घेतल्या. लायमन घराच्या पुढं चालत होता. माळाच्या मध्यावर नव्या केल्सोचे लोक सामोरे आले. ज्यांना तो प्रवास आठवत होता ते, आणि ज्यांनी तो नुसता ऐकला होता तेही. फिलेनानं खिडकीतून गरम भाकऱ्या वाटल्या.

त्यांचा कोपरा गॉसच्या शेजारी इतकी वर्षं रिकामा पडून होता. तिथं गॉसची गाय बांधलेली होती.

"गॉस, गाय हलवा," लायमन म्हणाला.

"तिला सवय झालीय हो इथली."

"मग बसा तिच्याशी बोलत. अख्खं गाव बोलून हललं, गायही हलेल."

गाय हलली. घर जागेवर बसलं, पण वाटेत चौकट मुरगळली होती आणि पुढचं दार काही केल्या मिटेना. लायमननं कोट काढला, रंधा मागून आणला, आणि गॉसनं दाराचं एक टोक धरलं. दोघं अंधार पडेपर्यंत ते तासत राहिले. दार जास्त तासलं गेलं आणि फट राहिली. फिलेनानं तिच्यात चिंधी कोंबली.